न तोडलेल्या उसाची कादंबरी

प्रश्न : मला ऊसतोड कामगारांवर कादंबरी लिहायची आहे, पण मी स्वतः कधी ऊस तोडलेला नाही. मला तो अधिकार आहे का?

उत्तर : निश्चित आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कादंबरीकार स्टीफन क्रेन यांचा जन्म १८७१ चा. तरीही १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’ या त्याच युद्धावरील कादंबरीतील, रणांगणातून घाबरून पळालेल्या कोवळ्या सैनिकाचे मन आजही खरे वाटते. मात्र आपला विषय हाकेच्या अंतरावर असताना तेथे न जाणे मला अक्षम्य वाटते. फडात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत तो कोयता बांधलेला राहतो. थंडीतल्या पहाटे तेथे जा. वही लगेच उघडू नका, आधी एक मोळी डोक्यावर घेऊन पाहा.