टियागो ईव्ही जर्मनीत आणू का, आणि इथल्या ईव्ही एवढ्या महाग का

तुमचा प्रश्न असा की मार्चमध्ये श्टुटगार्टला जॉईन होताय, सोबत मिसेस आणि चार वर्षांची मुलगी, पुण्यात टियागो ईव्ही आहे, आणि तेवढ्याच आकाराची गाडी इथे वीस-बावीस हजार युरोला बघून वाटतंय की हे पैसे नक्की कशाचे, त्यापेक्षा आपलीच गाडी कंटेनरमधून आणली तर? मी मूळची चिंचवडची, इथे गाड्यांच्या टाइप अप्रूव्हलच्या कामात आहे, म्हणजे गाडी विकायला परवानगी मिळण्याआधीच्या टेस्ट आणि कागदपत्रं हेच रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टियागो आणू नका, तिकडेच विकून या. चार्जिंगचा प्लग दोन्हीकडे सीसीएस २ आहे त्यामुळे तो बसेल, आणि सहा महिने वापरलेली गाडी घर हलवताना आणली तर कस्टमही माफ होऊ शकतं, पण नंबर प्लेट मिळायला युरोपचं टाइप अप्रूव्हल लागतं आणि ते त्या गाडीला नाही. मग एकट्या गाडीची वेगळी तपासणी, जे जे नियमात आहे ते गाडीत आहे हे एकेक करून सिद्ध करायचं, नसेल तर बसवायचं. आठ-नऊ लाखांच्या गाडीसाठी हा हिशोब कुठेच बसत नाही.

आता किमतीचं. बरेच जण म्हणतात की बॅटरीच्या सेफ्टीचे नियम इथे कडक म्हणून गाडी महाग, पण ते खरं नाही. बॅटरीच्या सेफ्टीसाठी युरोपात यूएन आर १०० हा नियम आहे, आणि 2022 मध्ये आपल्याकडे स्कूटरना आगी लागल्यावर कारसाठीचा भारतीय नियम एआयएस ०३८ जो बदलला तो जवळपास त्याच धर्तीवर आहे. चीन तर पुढे गेलाय, तिथे जुलै 2026 पासूनचा नियम म्हणतो की एक सेल पेटला तरी बॅटरी पॅकला दोन तास आग लागता कामा नये. म्हणजे गाडीतला सगळ्यात महाग भाग तिन्हीकडे साधारण सारख्याच शिस्तीत बनतो.

फरक पडतो तो बाकीच्या सामानात. युरोपात 7 जुलै 2024 पासून रजिस्टर होणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक, लेन सोडली तर गाडी परत आत घेणारी सिस्टीम, स्पीड लिमिट ओळखून सांगणारी सिस्टीम, ड्रायव्हरला डुलकी येतेय का ते बघणारी सिस्टीम, मागे घेताना सेन्सर किंवा कॅमेरा, अपघाताचा डेटा साठवणारा रेकॉर्डर, आणि वर सायबर सिक्युरिटीचं वेगळं अप्रूव्हल, हे सगळं कंपल्सरी आहे. भारतात कारला यातलं बरंचसं ऐच्छिकच आहे, पुढच्या दोन एअरबॅग आणि समोरून व बाजूने धडकेच्या टेस्ट हे कायद्यात, सहा एअरबॅगचा प्रस्ताव आला होता तो कंपल्सरी झाला नाही, आणि भारत एनकॅप, म्हणजे क्रॅश टेस्ट करून गाडीला स्टार देणारी योजना, ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली तीही ऐच्छिक. आणि खरी मेख इथे आहे, कॅमेरा, रडार, कंट्रोल युनिट आणि टेस्टिंगचा खर्च गाडी साठ हजार युरोंची असो की पंधरा हजारांची, फार कमी-जास्त होत नाही, त्यामुळे मोठ्या गाडीत तो पचतो आणि छोटीच्या किमतीत डोळ्यावर येतो. म्हणून स्वस्त छोट्या गाड्या इथून एकेक करून गेल्या आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण नव्याने आलेल्या कुटुंबाला तीच गाडी परवडते.

पण सगळा दोष सेफ्टीवर टाकू नका. बीवायडी या चिनी कंपनीची सीगल ही छोटी ईव्ही चीनमध्ये 2024 मध्ये 69,800 युआनपासून होती, म्हणजे साधारण नऊ हजार युरो, तीच 2025 मध्ये डॉल्फिन सर्फ नावाने जर्मनीत आली ती 22,990 युरोपासून. गाडी 3.78 मीटरवरून 3.99 मीटर झाली, सहा एअरबॅग आल्या, युरो एनकॅपचे पाच स्टार मिळाले, हे सेफ्टीचे पैसे. पण त्याच किमतीत 10 टक्के ड्युटी, वर बीवायडीवरची 17 टक्के जादा ड्युटी, 19 टक्के व्हॅट, जहाजाचं भाडं आणि कंपनीचा इथला जास्तीचा नफा पण आहे. आपल्याकडे ईव्हीवर जीएसटी 5 टक्के, तिथेच मोठा फरक पडतो.

आणि नुसत्या एअरबॅग मोजू नका हो. डाचिया स्प्रिंग आपल्या क्विडच्याच प्लॅटफॉर्मवरची गाडी, सहा एअरबॅग, कायद्याने पूर्ण पास, तरी 2021 मध्ये युरो एनकॅपला एकच स्टार. मुलगी मागे बसणार आहे तर मी ती गाडी घेणार नाही. सिट्रोएन अमी आठ हजार युरोंच्या आसपास दिसेल, ती कायद्याने कारच नाही, क्वाड्रिसायकल म्हणजे कारपेक्षा हलकं चारचाकी वाहन आहे, म्हणून कारचे क्रॅश टेस्टचे नियम तिला नाहीत, वेग ताशी 45 किमी आणि ऑटोबानवर, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेवर, बंदी.

अमेरिकेचा ऑप्शन अजून ओपन आहे असं तुम्ही लिहिलंय तर तिथलं गणित वेगळं, सरकार आधी अप्रूव्हल देत नाही, कंपनी स्वतःच सर्टिफाय करते, चिनी ईव्हीवर सप्टेंबर 2024 पासून 100 टक्के ड्युटी, आणि तिथल्या स्टँडर्डला न बनलेली गाडी 25 वर्षं जुनी झाल्याशिवाय सहज आणता येत नाही.

माझा सल्ला, पहिले काही महिने ट्रेन-बस, मग दोन-तीन वर्षं जुनी ईव्ही. नियम पहिल्या रजिस्ट्रेशनच्या तारखेला लागतात, त्यामुळे जुलै 2024 आधीची गाडीही पूर्ण कायदेशीर आहे, फक्त इमर्जन्सी ब्रेक पादचाऱ्यांसाठीही चालतो का आणि बॅटरीचं हेल्थ सर्टिफिकेट आहे का हे विचारा. इन्शुरन्समध्ये टाइलकास्को, म्हणजे काच फुटणं वगैरे कव्हर करणारा भाग, नक्की घ्या, काच फुटली तर त्यामागचा कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो आणि ते बिल मोठं येतं. मुलीला बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत चाइल्ड सीट लागणार, त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. आणि भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, अपॉइंटमेंट उशिरा मिळतात, तेव्हा आल्या आल्या तो अर्ज टाका, गाडी नंतर बघा.