एफेससला गाइड घेताय? मग हे वाचा

एफेससला, म्हणजे तुर्कस्तानातल्या त्या प्राचीन शहराच्या अवशेषांत, प्रायव्हेट गाइड घ्यावा का विचारतोयस? अरे, घे, पैसे वाया नाही जाणार, फक्त गळ्यातलं लायसन्सचं कार्ड आधी बघ आणि बुक करतानाच सांगून टाक की गालिच्याच्या दुकानात जायचं नाही, आमचे दीड तास तिथे चहा पिण्यात गेले होते, वर बायकोने एक गालिचा घेतलाच 😅

सुरुवात वरच्या गेटने कर म्हणजे सगळा उतार, आणि सकाळी गेट उघडताच, कारण क्रूझवाल्यांच्या बसेस आल्या की सेल्ससच्या लायब्ररीसमोर (रोमन काळातलं ग्रंथालय, आता दर्शनी भिंत उभी आहे) आषाढीची गर्दी. तिथे गाइडने आम्हाला कडेचे खांब दाखवले, ते मधल्यांपेक्षा मुद्दाम बुटके केलेत म्हणून इमारत आहे त्याहून मोठी दिसते, एकट्याला हे कधी कळलं नसतं. संगमरवरावरचं ते कोरलेलं पाऊल म्हणजे वेश्यागृहाची जाहिरात असं प्रत्येक गाइड सांगतो, ऐकून घे, पुरावा काही नाही.

टेरेस हाउसेस, म्हणजे उतारावरची श्रीमंत रोमन लोकांची घरं, सोडू नको, छपराखाली आहेत, भिंतींवरचे रंग अजून शाबूत. आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळाचा मात्र एकच खांब उभाय, दहा मिनिटं पुरे. बूट ग्रिपवाले घाल, तो संगमरवर जाम घसरतो.