नव्या स्वयंसेवकास सल्ला

खानापूर भागातील घरांत तुम्ही जाऊ लागाल, तेव्हा पहिल्या काही भेटी अल्झायमरच्या, म्हणजे स्मृती हळूहळू जाणाऱ्या आजाराच्या, रुग्णापेक्षा त्याला सांभाळणाऱ्या सुनेसाठी किंवा पत्नीसाठी आहेत असे समजा. ठरलेल्या वारी तिला दोन तास मोकळे मिळाले, तर ती बाजारहाट करील किंवा नुसती झोपेल. त्या वेळेचा हिशेब आपण मागू नये.

आजोबा संध्याकाळी उठून 'कचेरीत जायचे आहे' म्हणू लागले, तर निवृत्तीची आठवण करून देऊन वाद घालू नका. कामाची चौकशी करा, चहा द्या, अंगणात फेरी मारा. दिवस मावळताना अस्वस्थता वाढणे या आजारात नेहमीचे असल्याने दिवे लवकर लावलेले बरे. मात्र एक-दोन दिवसांतच गोंधळ एकदम वाढला, तर तो अल्झायमरचाच भाग मानून स्वस्थ बसू नका, कारण त्यामागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाण्याची कमतरता किंवा नवे औषध असू शकते, आणि ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. माझ्या मते स्वयंसेवकाचा सर्वांत मोठा उपयोग इथेच होतो, कारण रोज पाहणाऱ्यांना बदल जाणवेलच असे नाही.

रुग्णाच्या खिशात नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलेली चिठ्ठी असावी. वाट चुकलेला माणूस आपल्या भागात कोणाच्या हाती लागेल, हे सांगता येत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन घरच्यांना लिहून द्या. औषधांचे प्रमाण स्वतःहून कधीही बदलू नका.