झारागोझाच्या मैत्रिणीसाठी एक दिवस

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मी, माझे यजमान आणि मुलगा स्पेनला जातोय. आधी माद्रिद, मग बार्सिलोना. माझी बालमैत्रीण झारागोझा नावाच्या शहरात असते. पंचवटीत आम्ही एकाच वाड्यात वाढलो. लग्नानंतर ती तिकडे गेली आणि भेट अशी झालीच नाही. यजमान म्हणतात, एवढे पैसे खर्चून स्पेनला जायचं आणि दिवसभर कुणाच्या घरी गप्पा मारत बसायचं? मुलगा म्हणतो, जाण्यायेण्याची दगदग होईल. तिचा मात्र सारखा फोन येतो, "येतेस ना गं?" काय करू? आणि तिच्यासाठी काय नेऊ?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, जाच. त्यासाठी सुट्टीतला वेगळा दिवसही काढावा लागणार नाही. मुलाला नकाशा उघडायला सांगा. झारागोझा माद्रिद आणि बार्सिलोनाच्या जवळजवळ मधोमध आहे, दोन्हीकडून सुमारे ३०० किलोमीटर. वेगवान रेल्वे तिथूनच जाते. माद्रिदहून साधारण सव्वा तास, तिथून बार्सिलोना दीड-पावणेदोन तास. तेव्हा ज्या दिवशी मुक्काम हलवायचा, त्याच दिवशी मध्ये उतरा. सकाळी नऊच्या सुमाराची गाडी धरलीत तर साडेदहाला मैत्रिणीसमोर असाल. संध्याकाळी सातनंतर निघालात तरी बार्सिलोनाला जेवायच्या वेळेला पोहोचाल, कारण तिकडे रात्रीचं जेवणच नऊनंतर सुरू होतं.

तिकिटं मात्र दोन वेगळी काढा. तिकीट ठरलेल्या गाडीचं असतं. मध्ये उतरून त्याच तिकिटावर संध्याकाळी पुढे जाता येत नाही. काही गाड्या झारागोझाला थांबतच नाहीत, तेही बघून घ्या. लवकर काढलेलं तिकीट बरंच स्वस्त पडतं. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवर बॅगा यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटण्याच्या थोडं आधी प्रवेश बंद होतो, म्हणून अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. मुक्काम हॉटेलातच आहे, त्यामुळे व्हिसासाठी मैत्रिणीच्या निमंत्रणपत्राची गरज नाही.

तारखेचं मात्र बघा. १२ ऑक्टोबरला झारागोझात पिलारमातेचा, म्हणजे तिथल्या मेरीमातेचा, उत्सव असतो आणि तो आठवडाभर चालतो. त्या दिवशी लाखो लोक मातेला फुलं वाहायला येतात. तेव्हा जाणं म्हणजे सिंहस्थात ‘रामकुंडावर भेटू’ म्हणण्यासारखं आहे. उत्सव बघायचाच असेल तर खुशाल जा, पण निवांत बोलायचं असेल तर तो आठवडा टाळा.

आता यजमानांचा प्रश्न, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मी माद्रिदहून टोलेडोला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला भेटायला गेले होते. टोलेडोचं कॅथेड्रल जगप्रसिद्ध आहे. आम्ही त्याच्या दारावरून पुढे गेलो आणि सोकोदोवेर चौकात कॉफी घेऊन बसलो ते दुपार कलेपर्यंत. तिची आई गेली तेव्हा तिला येता आलं नव्हतं. ते सगळं तिला कुणाला तरी मराठीत सांगायचं होतं. फोनवर आम्ही वर्षानुवर्षं बोलत होतो, पण हे कधी निघालं नव्हतं. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाला आपल्या लहानपणाचा साक्षीदार समोर हवा असतो, ताई. तुमची मैत्रीण सारखी विचारते आहे ती उगाच नाही. कॅथेड्रल नंतरही बघता येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : निदान दोन-तीन तास तुम्ही दोघीच बसा. बापलेकांना खुशाल बाहेर पाठवा, त्यांचाही दिवस वाया जाणार नाही. मुलाला आलहाफेरिया दाखवा. अकराव्या शतकातला मुस्लिम राजवाडा आहे तो, कमानींचं कोरीवकाम बघत राहावं असं, आणि आज त्याच वास्तूत आरागोन प्रांताची विधानसभा भरते. यजमान एब्रो नदीकाठच्या पिलार बॅसिलिकेत, म्हणजे पिलारमातेच्या मोठ्या चर्चमध्ये, रमतील. तिथल्या एका घुमटावर गोयाने रंगवलेलं चित्र आहे. गोया इथून जवळच्याच फुएन्देतोदोस गावचा, १७४६ सालचा जन्म. बॅसिलिकेच्या भिंतीवर १९३६ साली यादवी युद्धात तिच्यावर टाकलेले, पण न फुटलेले दोन बॉम्बही लावून ठेवले आहेत. नंतर चौघंही दगडी पुलावर जा, तिथून बॅसिलिका फार देखणी दिसते. शाल जवळ असू द्या. एब्रोच्या खोऱ्यातून ‘सिएर्सो’ नावाचा गार, कोरडा वारा वाहतो.

जेवण दोननंतर, आणि ते सगळ्यांनी मिळून करा. शाकाहारी असाल तर मैत्रिणीला आधी सांगून ठेवा, कारण तिकडे भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. बोराखा नावाची पालेभाजी बटाट्याबरोबर उकडून करतात, ती आरागोनची खासियत. मांस न घालता मिळाली तर जरूर खा.

नेण्याबद्दल : पेढे आणि साजूक तूप नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आपली द्राक्षंही तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. नाशिकचा चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी न्या. तांबट आळीतून तांब्याची छोटीशी वाटी किंवा पळी-पंचपात्र घ्या. वजन फार होत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं. आणि निघण्याआधी एका सकाळी पंचवटीत फेरी मारून तुमच्या वाड्याचे, काळाराम मंदिराच्या दाराचे, जिथून तुम्ही शाळेला जायचात त्या गल्लीचे फोटो काढा. वाडा पडला असेल तर त्या जागी आज जे उभं आहे त्याचा काढा. फोनमध्ये ठेवू नका, कागदावर छापून न्या. त्यावर बोट ठेवून ती तुम्हाला विचारत राहील.

आता आधी तिला फोन करा आणि तारीख तिलाच ठरवू द्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत स्पेनचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे साडेचार झालेले असतात. दुपारचं जेवण उरकून ती मोकळी झालेली असेल.