उठताना येणारी भोवळ आणि खुर्चीत बसवून मोजलेला रक्तदाब

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. पहाटे लघवीला उठल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, दुपारी जेवून हात धुवायला उठतानाही तसेच होते आणि मिनिटभरात ते सावरतात. दवाखान्यात मात्र रक्तदाब १३०/८० भरतो. शेजारी मीठ-साखरेचे पाणी द्यायला सांगतात. रक्तदाबाची गोळी बंद करावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दवाखान्यातला आकडा खोटा नाही, पण तो खुर्चीत बसवून घेतलेला आहे आणि वडिलांचा त्रास उभे राहतानाचा आहे.

माणूस उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मानेतील आणि हृदयाजवळील मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. त्यांच्याकडून संदेश मिळताच काही क्षणांत नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकून राहतो. दीर्घकाळच्या मधुमेहात हे काम सांभाळणाऱ्या नसाच दुबळ्या होऊ शकतात. त्यात प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधे मूत्रमार्गाचे स्नायू सैल करताना काही जणांत रक्तवाहिन्याही सैल करतात, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर शरीरातले पाणीही कमी होते. भरल्या पोटी रक्त आतड्यांकडे वळते, म्हणून भात-पोळीच्या जड जेवणानंतर दोन तासांपर्यंत वृद्धांचा रक्तदाब उतरू शकतो. तुमच्या पत्रातील दोन्ही वेळा या चित्राशी जुळतात, तरी निदान तपासणीनंतरच करावे.

ही तपासणी घरच्या यंत्रावरही होते. वडिलांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजावा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. शेजारी आधाराला कोणीतरी हवेच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर हा उभे राहिल्याने उतरणारा रक्तदाब समजतात. नाडीचे ठोकेही लिहून ठेवावेत. दाब उतरूनही नाडी फारशी वाढली नाही, तर नसांच्या दुबळेपणाचा संशय बळावतो. ती चांगलीच वाढली, तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी पडले आहे का, हे आधी पाहावे लागते. भोवळीच्या वेळी साखरही तपासावी, कारण साखर उतरल्यावरही असेच वाटते. या नोंदी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवली, तर कोणती गोळी बदलायची, कोणती कमी करायची किंवा केवळ तिची वेळ हलवायची, हे ठरवता येईल.

तोपर्यंत पहाटे उठताना त्यांनी आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावे, पावले हलवावीत आणि लघवीही बसूनच करावी, कारण मूत्राशय रिकामे होताना दाब आणखी उतरतो. दुपारी ताटात थोडे कमी वाढून संध्याकाळी चार घास द्यावेत. शेजाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा असला, तरी जुलाब किंवा उलट्या नसताना मधुमेही आणि रक्तदाब असलेल्या माणसाला मीठ-साखर पाजणे योग्य नाही. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल, तर उठण्याआधी पेलाभर साधे पाणी मात्र उपयोगी पडते.

सुई टोचताना किंवा गर्दीत ताटकळताना एखादा तरुण कोसळतो, तो प्रकार वेगळा आणि बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु बसल्या जागी किंवा जिना चढताना शुद्ध हरपली, छातीत दुखले, ठोके अनियमित जाणवले, डांबरासारखी काळी शौचाला झाली किंवा तापाबरोबर भोवळ आली, तर हृदयाचा दोष, पोटातील रक्तस्राव किंवा गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा नोंदी करत न बसता त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे.