सगळ्यांना करून घालते, पण स्वतः जेवत नाही

"मॅडम, पोरगी डाएट करतेय. चांगलंच आहे ना? का काळजी करायची?"

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. विश्रामबागेतल्या शिक्षिकेनं विचारलाय, तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या घरातून आलाय, मिरजेत नर्स असलेल्या एका आईनंसुद्धा विचारलाय. सोबत बहुतेक वेळा वजनाचा आकडा असतो आणि तो बरा की वाईट, एवढंच माझ्याकडून ऐकायचं असतं. मी आकड्याकडे नंतर वळते. आधी विचारते, दिवसभरात तिच्या डोक्यात खाण्याचा विचार किती वेळ असतो?

असं का विचारते, ते मेघनाच्या निमित्तानं सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची संमती आहे.

मेघना बारावीला होती. पाळी चार महिने आली नव्हती, थायरॉईडचा रिपोर्ट ठीक होता, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी आईला माझ्याकडे पाठवलं. केस गळत होते. सांगलीच्या एप्रिलमध्ये पोरगी अंगावर शाल घेऊन बसली होती.

आई म्हणाली, "दहावीनंतर जरा अंगानं सुटली होती. एका लग्नात आत्या सगळ्यांसमोर बोलली, तेव्हापासनं हिनं मनावर घेतलं. बारीक झाली तसं जो तो विचारायला लागला, काय केलंस गं? मलापण कौतुकच वाटलं. आता मात्र जेवंनाच झालीय." मग जरा खुलून म्हणाली, "एक बरं झालंय, स्वयंपाकाची गोडी लागलीय. रविवारी पुरणपोळ्या केल्या, कटाच्या आमटीसकट. सगळ्यांना आग्रह करकरून वाढते."

आईला ती आनंदाची बातमी वाटत होती. मला तिथंच खाण्याच्या आजाराचा माग लागला.

घरात आणखी एका गोष्टीचं कौतुक चाललं होतं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, सगळे उपास मेघना धरायची. नात देवाधर्माला लागली म्हणून आजी खूश. उपास कसला आहे हे तो सोडायच्या वेळी कळतं, असा माझा अनुभव आहे. संकष्टीला घरातली माणसं चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात बघून ठेवतात, मोदकांची वाट बघतात. मेघना चंद्र उगवला की म्हणायची, "माझी भूकच मेलीय, तुम्ही जेवा." ज्याला उपास सोडायचीच भीती वाटते, त्याच्या उपासाला देवाचं फक्त नाव असतं. अशी मुलं-मुली मी बऱ्याच पाहिल्यात, आणि घरच्यांना शंका येत नाही, कारण उपासाला कुणी आजार म्हणत नाही.

सुरुवातीच्या भेटींत तिचं एकच पालुपद होतं, "मला भूकच लागत नाही." मी वाद घातला नाही. एके दिवशी सहज विचारलं,

"रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर काय बघतेस?"

बराच वेळ गप्प. मग, "रेसिपी."

"किती वाजेपर्यंत?"

"एक. कधी दीड."

"आणि अभ्यास करताना?"

"पुस्तक उघडं असतं. डोक्यात उद्या काय खायचं, किती खायचं, हेच. भडंगाचा वास आला तरी तासभर तेच." एवढं बोलून तिनं मान खाली घातली. "मॅडम, मी फार हावरट आहे. म्हणून तर अजून कमी खाते."

तेव्हा मी तिला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. १९४४ च्या अखेरीस अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं, हे शोधायचं होतं. या तरुणांना जवळजवळ सहा महिने नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्यानं घटलं. थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, माणसं नकोशी झाली. आणि ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, रेसिपी जमवू लागले, ताटं चाटू लागले. यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं.

मेघनानं मान वर केली. "ते पण रेसिपी जमवायचे?"

"हो. ते हावरट होते का?"

"नाही. उपाशी होते."

मग ती रडली, आणि मी तिला रडू दिलं. त्या दिवसापासून आमचं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं असं मी मानते. खाण्याचे विचार म्हणजे आपल्या हावरेपणाचा पुरावा, असं ती वर्षभर समजत होती. त्या विचारांची शिक्षा म्हणून ती जेवण कमी करायची, आणि जेवण कमी केलं की विचार वाढायचे. हा फेरा तिला स्वतःला दिसला. मी कितीही समजावलं असतं, तरी तिच्या तोंडून आलेल्या "उपाशी होते" या दोन शब्दांची ताकद माझ्या बोलण्याला आली नसती.

पुढचं काम मी एकट्या मेघनाबरोबर केलं नाही. माझा कल पहिल्यापासून सगळ्या घराला समोर बसवण्याकडे आहे, आणि खाण्याच्या आजारात तर त्याशिवाय गाडं हलत नाही, असं मी ठामपणे सांगते. आई-वडील, आजी, सगळे आले. आधी डॉक्टरांनी नाडी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम तपासलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम भरपूर अन्नाचा मारा केला तर तोही जिवावर बेतू शकतो, म्हणून जेवण वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरातला वजनकाटा काढून टाकला. काही महिने स्वयंपाक आईनं करायचा, ताटही आईनंच वाढायचं, आणि शेजारी बसून स्वतःही जेवायचं. या शेवटच्या अटीला आई अडखळली. ती कायम सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची आणि आरशासमोर "मी किती सुटलेय" म्हणायची. मुलगी हे बघतच मोठी झाली होती.

आणि कुणाच्याही अंगाबद्दल घरात बोलायचं नाही. कौतुकानंसुद्धा नाही. सहा आठवडे बरं चाललं होतं, तेवढ्यात एक मावशी येऊन "तब्येत सुधारली हं!" म्हणून गेली आणि मेघनानं रात्रीचं ताट परत केलं. भेटायला येणाऱ्यांना आधीच फोन करून सांगून ठेवा, असं मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगते.

तुमच्या घरात काय बघाल? सगळ्यांबरोबर बसून जेवणं टाळणं. "कॉलेजात खाल्लं" हे रोजचं उत्तर. जेवण झाल्या झाल्या बाथरूम गाठणं. एक पोळी जास्त खाल्ली म्हणून रात्री जिने चढणं-उतरणं. रात्री चोरून खूप खाणं आणि सकाळी स्वतःचा तिरस्कार करणं. यातलं बरंच काही वजन अगदी ठीक असलेल्या माणसातही सापडतं, म्हणून काट्यावर विसंबू नका. मुलगे यातून सुटलेत असंही नाही. जिम चुकली म्हणून जेवण नाकारणारा, भात ताटात दिसला की घाबरणारा मुलगा घरात "शिस्तीचा" ठरतो. त्यालाही हेच प्रश्न विचारा.

विचारताना "माझ्यासाठी दोन घास खा" अशी विनवणी नको आणि धमकीही नको. "तू हल्ली सारखी दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते", एवढं पुरे. चक्कर येत असेल, वारंवार उलटी काढली जात असेल, छातीत धडधडत असेल, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जगणं नको असं बोलणं कानावर आलं तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येतं.

बरं व्हायला किती दिवस, हाही नेहमीचा प्रश्न. महिने लागतात. आधी शरीर भरून येतं, मन मागून येतं, आणि मधल्या काळात घरच्यांचा धीर सुटतो. मेघनाची पाळी परत सुरू झाली, तरी डाळ-भाताची भीती बरेच दिवस टिकली. नवरात्राच्या आधी आईनं मला विचारलं, यंदा हिला उपास धरू द्यायचा का? मी म्हटलं, यंदा नाही, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. आजी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिच्या वाटणीचे मी धरते. तिनं माझ्या ताटात बसून जेवायचं."

मी आजींनाही उपास नको म्हणून सांगितलं. ताटाचं मात्र ठरलं.