जुन्या बातम्यांत ‘काळं पाणी’ म्हणजे अंदमानच समजायचं का?

नाही, दर वेळी नाही. तुम्ही आजोबांच्या वडोद्याच्या घरात सापडलेल्या कात्रणांबद्दल विचारलंय, म्हणून जरा नेमकं सांगतो. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो या समजुतीतून समुद्रालाच काळं पाणी म्हणत. पुढे इंग्रजी कायद्यातल्या हद्दपारीच्या शिक्षेला वर्तमानपत्रांनी हेच नाव दिलं. तेव्हा बातमीत शिक्षेचा प्रकार कळतो, कैद्याचा मुक्काम कळतोच असं नाही.

टिळकांचंच बघा. जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पण ठेवलं मंडालेला, म्हणजे ब्रह्मदेशात! अंदमानला ते कधी गेलेच नाहीत. उलट, अरविंद घोष बडोदे सरकारच्या नोकरीत असताना त्यांच्याकडे येऊन राहिलेले धाकटे भाऊ बारींद्र यांची अलीपूर बॉम्ब खटल्यातली (इंग्रज सरकारविरुद्धच्या कटाचा खटला) फाशी रद्द होऊन जन्मठेप काळं पाणी झालं, आणि ते खरोखरच अंदमानला गेले. वडोदेकरांनी बारींद्र यांचं नाव विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कात्रणात मुक्कामाचं नाव शोधा. १९५६ पासून ही शिक्षा कायद्यातून गेली, तिच्या जागी आजीवन कारावास आला.